सिरोंचातलं दोघांचं वर्ष

सिरोंचात संसार करणाऱ्या जोडप्याने फिरण्याची आखणी जानेवारीपासून करू नये, दिवाळीपासून करावी. भिंतीवरचं कॅलेंडर ऑगस्टमध्ये लागोपाठ तीन सुट्ट्या दाखवतं, पण तेव्हा आलापल्लीच्या वाटेवरचा एखादा नाला पुलावरून वाहत असतो. रस्ता, नदी आणि हवा तिन्ही मेहेरबान असतात त्या डिसेंबरात बहुतेक नोकरदारांच्या किरकोळ रजा संपलेल्या असतात. म्हणून पहिला सल्ला हिशेबाचा आहे: दोघांनीही आपापल्या रजांतले तीन-चार दिवस दिवाळीनंतरसाठी हात न लावता ठेवावेत. वर्षअखेरीस त्या रजा तशाही बुडणारच असतात.

हा लेख दोन तऱ्हांच्या जोडप्यांसाठी आहे. काही जण इथलेच, नदीच्या दोन्ही काठांवर नातीगोती असलेले. काही जण सातारा-लातूरकडून शिक्षक, परिचारिका, वनरक्षक म्हणून नोकरीवर आलेले आणि 'इथे आहेच काय' म्हणत दर सुट्टीला गावाकडची गाडी धरणारे. दुसऱ्यांना थोडं जास्त सांगावं लागेल.

आधी नकाशा डोळ्यांपुढे आणा. तालुक्याच्या पश्चिमेला प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी, पूर्वेला इंद्रावती. तीन बाजूंनी नद्या आणि उरलेल्या उत्तरेकडून जंगलातून आलापल्लीला जाणारा एकच मोठा रस्ता. गडचिरोली हे जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरच्या आसपास, त्यापेक्षा तेलंगणातलं मंचेरियालचं रेल्वे स्टेशन कितीतरी जवळ. पूर्वी गोदावरीपलीकडच्या कालेश्वरला जायचं तर नाव किंवा डोंगा लागायचा. आता गोदावरीवर आणि प्राणहितेवर पूल आहेत, पातागुडमजवळ इंद्रावतीवरही आहे. त्यामुळे वर्षाचे तीन भाग आपोआप पडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तरेकडे, म्हणजे जंगलात आणि जिल्ह्यात. मार्च ते मे पहाटे-संध्याकाळी नदीकाठी आणि पुलापलीकडे. जून ते ऑक्टोबर घरात, अंगणात आणि शेजारीपाजारी.

हिवाळा: उत्तरेचा रस्ता

सुरुवात घराजवळून करा. सिरोंचाजवळच्या वडधमला जीवाश्म उद्यान आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडं तिथे दगड होऊन पडली आहेत. खोडाच्या रेषा दिसतात, हात लावला तर मात्र दगड. याच तालुक्यातल्या कोटा गावाचं नाव भूशास्त्रज्ञांनी इथल्या ज्युरासिक काळातल्या खडकांच्या थराला दिलं आहे, आणि जगभरच्या संशोधनात ते तसंच छापलं जातं. त्याच थरातून, नदीपलीकडे, आजच्या तेलंगणाच्या बाजूला, बारापासॉरस या प्रचंड शाकाहारी डायनासोरची हाडं निघाली. १९७५ साली त्याचं शास्त्रीय नाव ठरलं तेव्हा त्यात रवींद्रनाथ टागोरांचं नाव गुंफलं. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. हे माहीत असलं की वडधमचा ओसाड माळ ओसाड वाटत नाही. सकाळी जा, दोघांत तीन-चार लिटर पाणी न्या, आणि एकही तुकडा खिशात घालू नका. 'एकाने काय होतं' म्हणणारे पुष्कळ येऊन गेले आहेत.

मग दोन दिवसांची सहल काढा. आलापल्लीच्या रस्त्यावर रेपनपल्लीजवळून कमलापूरला फाटा फुटतो. तिथे वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे. लाकूड ओढण्यासाठी पाळलेल्या हत्तींचा वंश तिथे तळ्याकाठी राहतो. जाण्याआधी वनविभागाकडे चौकशी करा. जानेवारीत हत्तींच्या पायांना औषधी वनस्पतींच्या काढ्याने शेक देतात, त्याला 'चोपिंग' म्हणतात, आणि तेवढे दिवस कॅम्प पाहुण्यांना बंद असतो. आपली रजा मंजूर झाली आणि हत्तीही रजेवर, असं अनेकांचं होतं. याच भागात कोलामारकाच्या जंगलात रानम्हशींचं संरक्षित क्षेत्र आहे. तिथे परवानगीशिवाय आणि वाटाड्याशिवाय जायचं नाही. रानम्हैस दिसेलच असा हट्टही धरायचा नाही.

आलापल्लीहून भामरागडचा रस्ता धरला की वाटेत 'वनवैभव' लागतं. जुन्या, उंच सागांचा हा राखलेला तुकडा २०१४ साली राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. साग आपण फर्निचरच्या दुकानात पाहतो. इथे बुंध्याला दोघांनी दोन बाजूंनी मिठी मारली तरी हात पोचत नाहीत असे वृक्ष आहेत. घाईत असाल तर बाकी काही गाळा, इथला अर्धा तास गाळू नका.

पुढे हेमलकसा. बाबा आमटे यांनी १९७३ साली सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी उभा केला, आणि २००८ साली मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळून मिळाला. जोडप्याने तिथे जाऊन काय पाहावं? बिबटे आणि मगरी पाहण्यासाठी बहुतेक लोक जातात. माझं मत विचाराल तर दवाखान्याच्या ओसरीवर थोडा वेळ बसावं. आजारी माणसाबरोबर अख्खं कुटुंब कसं येतं आणि त्यांची सोय कशी लावली जाते, ते पाहावं. नव्या जागी बदली होऊन आलेल्या दोघांना त्यातून इथल्या माणसांची जेवढी ओळख होईल तेवढी वर्षभराच्या नोकरीत होत नाही. मुक्काम करायचा तर आधी कळवून जा, तो प्रकल्प आहे, लॉज नव्हे. शेजारीच भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांचा त्रिवेणी संगम आहे, तो उन्हं कलताना पाहावा. रात्री मात्र गाडी चालवू नका. जंगलात रस्त्यावर गुरं बसतात, फोनला रेंज नसते, आणि पंक्चर काढणारा पुढच्या गावातच असतो. सिरोंचा किंवा आलापल्ली सोडताना पेट्रोलची टाकी भरून घ्या, ओळखपत्रं जवळ ठेवा, पोलीस चौकीवर विचारलं तर कुठून आलो, कुठे चाललो ते सरळ सांगा. आणि माडिया आदिवासींच्या गावात कुणाच्या अंगणात किंवा गोटुलात, म्हणजे गावाच्या सामाईक घरात, शिरून फोटो काढू नका. तुमच्या घरात असं कुणी शिरलं तर चालेल का, एवढाच निकष पुरे.

गडचिरोलीला कार्यालयाचं काम निघालं की एकट्याने जाऊ नये. दोघांनी जावं, शनिवार-रविवार जोडून घ्यावा आणि वाटेत चामोर्शीजवळचं मार्कंडा पाहावं. वैनगंगा तिथे उत्तरवाहिनी होते आणि काठावर मार्कंडेश्वराचा शिल्पांनी लगडलेला मंदिरसमूह आहे. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. मात्र शिल्पं पाहायची असतील तर यात्रेचे दिवस टाळा, गर्दीत पाठीच दिसतात. त्याहून वर वडसा-देसाईगंजकडे दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटकं रात्रभर रंगतात. पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या जोडप्याने एकदा तरी शाल पांघरून एक नाटक शेवटपर्यंत बघावं. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, पण तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकांनी हा रंगमंच त्याच्या कितीतरी आधीपासून जगवला आहे. ताडोब्याबद्दल फार लिहीत नाही. सफारीचं आरक्षण लवकर करा, पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असतं, आणि सिरोंचातून एका दिवसात जाऊन-येऊन होत नाही.

नदीपलीकडचं देऊळ आणि जंगलातली जत्रा

महाशिवरात्रीला सिरोंचाची पावलं कालेश्वरकडे वळतात. एकाच पीठावर दोन लिंगं, एक कालेश्वराचं म्हणजे यमाचं आणि दुसरं मुक्तेश्वराचं, हे या देवळाचं वैशिष्ट्य. नुकतंच लग्न झालेली जोडपी इथे दर्शनाला येतात. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांच्यासाठी मार्कंड्यापेक्षा हेच बरं.

मेडारमच्या सम्मक्का-सारलम्मा जत्रेची गोष्ट वेगळी आहे. मुलुगू जिल्ह्याच्या जंगलात माघ पौर्णिमेच्या सुमारास, एक वर्षाआड ती भरते: २०२२, २०२४, २०२६ अशी. सिरोंचातून घरंच्या घरं जातात. देवीला गूळ वाहतात, तोही नवस असेल तर माणसाच्या वजनाइतका. पहिल्यांदाच जाणाऱ्या दोघांनी मुख्य चार दिवस टाळून आठवडाभर आधी जावं. अनुभवी नातेवाइकांबरोबर जाणार असाल तर ऐन जत्रेतही जा, पण हरवल्यास कुठे भेटायचं ते गाडीतून उतरतानाच ठरवा. तिथे फोनवर विसंबणारे तासन् तास एकमेकांना शोधतात. पत्नी गरोदर असेल तर जत्रा पुढच्या खेपेला. देवीला घाई नसते, सासूबाईंना असते. त्यांच्याशी मुलानेच बोलावं.

पलीकडे जाताना तिकिटाचा घोळ होतो, तो आधीच समजून घ्या. आपल्या एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटाची सवलत आहे, ती राज्याच्या हद्दीपुरती. तेलंगणाच्या बसमध्ये डिसेंबर २०२३ पासून महिलांना प्रवास मोफत आहे, पण तो तिथला पत्ता असलेल्या ओळखपत्रावर. महाराष्ट्राचं आधार दाखवून तिकीट माफ होत नाही. माहेर चेन्नूरचं आणि सासर सिरोंचाचं अशा सुनेने आधारवरचा पत्ता बदलला की ती सवलतही जाते. हे वाहकाशी भांडून सुटत नाही, पैसे काढून ठेवावेत.

एक घर, दोन भाषांचे सण

सिरोंचात मराठी, तेलुगू आणि गोंडी-माडिया रोजच्या व्यवहारात आहेत, आणि नवरा-बायकोच्या भाषा वेगळ्या असणं इथे नवलाचं नाही. अशा घरात पहिल्या वर्षी सणांवरून थोडी ओढाताण होते. ती टाळण्याचा मार्ग सोपा आहे, कारण दोन्हीकडचं पंचांग अमावास्येला महिना संपवणारं आहे. बहुतेक सण एकाच दिवशी येतात, निवड करावी लागत नाही, फक्त वेळ वाटून घ्यावी लागते.

गुढीपाडवा आणि उगादी एकच दिवस. सकाळी गुढी उभारा, मग उगादीची पच्चडी करा: कडुलिंबाचा मोहोर, कैरी, चिंच, गूळ, मीठ, तिखट अशा सहा चवींची. आपल्या कडुलिंब-गुळाच्या गोळीला ती नावं ठेवत नाही आणि गोळीनेही तिला ठेवू नयेत. संक्रांतीला तिळगूळ, हलव्याचे दागिने आणि हळदीकुंकू इकडचं. भोगीची शेकोटी, सकिनालू आणि अरिसेलू तिकडचं. सकिनालू तांदळाच्या पिठाचे, हाताने गोल वळायचे असतात. नव्या जावयाने ते वळायला बसावं. बिघडतील, पण सासुरवाडीत त्याच्याइतकं हसू दुसऱ्या कशाने पिकत नाही.

आषाढ जपून. तेलुगू घरांत लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात नवी सून माहेरी जाते. सासू-सून एका छपराखाली राहत नाहीत. आपल्याकडेही आखाडात लेकीला माहेरी आणण्याची चाल आहे. म्हणजे भांडणाचं कारण नाही, पण ऐन पुराचा महिना असतो. आणायला-सोडायला जाण्याचे दिवस नदीचं पाणी बघून ठरवा, मुहूर्त मागेपुढे करता येतो. श्रावणातल्या मंगळागौरीचं व्रत दोन्ही भाषांत आहे, तेलुगू घरात भर म्हणून वरलक्ष्मीचा शुक्रवार येतो. दोन्हीसाठी पाहुण्या बायका त्याच असतात, तेव्हा नवऱ्याने एवढंच पाहावं की दर खेपेला स्वयंपाकाचं ओझं एकीवर पडत नाही.

भाद्रपदाची अमावास्या उजाडली की बतुकम्मा सुरू होते आणि दुर्गाष्टमीपर्यंत चालते. तरवडाची पिवळी फुलं, कुरडूचे तुरे, झेंडू यांचा थरावर थर रचून गोपुरासारखी रास करायची, तिच्याभोवती बायकांनी फेर धरायचा आणि मग ती पाण्यात सोडायची. फुलं बाजारातून आणण्यापेक्षा दोघांनी सकाळी रानात जाऊन तोडावीत, पावसाळ्यानंतरची तीच पहिली भटकंती. दसऱ्याला इकडे आपट्याची पानं सोनं म्हणून देतात, तिकडे शमीची. दोन्ही खिशांत दोन्ही ठेवा. त्या दिवशी नीलकंठ पक्षी दिसणं शुभ मानतात, तेव्हा गावाबाहेर तारांवर नजर असू द्या. नोकरीवर बाहेरून आलेल्या जोडप्यांना सांगणं आहे की दसऱ्याला गावी पळू नका, एक वर्ष इथला दसरा बघा. दिवाळी आणि पहिला दिवाळसण खुशाल माहेरी करा.

उन्हाळा आणि पावसाळा

इथला उन्हाळा राज्यातल्या सर्वांत कडक उन्हाळ्यांपैकी आहे. सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी पाचच्या आधी सहलीचा विचार सोडून द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, मग मोह. मोहफुलं पहाटे गळतात आणि ती वेचायला माणसांइतकीच अस्वलंही येतात. पहाटेच्या अंधारात मोहाच्या झाडाखाली फोटोसाठी जाणं हा शुद्ध वेडेपणा आहे. वेचणाऱ्या बायका उजाडल्यावर जातात, त्यांच्याबरोबर जा. मेमध्ये तेंदूपत्त्याचा हंगाम असतो, तेव्हा जंगलातली माणसं कामात असतात. त्यांना वाट दाखवायला सांगून त्यांची मजुरी बुडवू नका.

उन्हाळ्याची खरी चैन म्हणजे सिरोंचाचा कलेक्टर आंबा. इंग्रज अमदानीत सिरोंचा काही काळ अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होतं, आणि तेव्हाच्या साहेबाने हा आंबा लावला असं इथे सांगतात. फळ एवढं दांडगं की दोघांत एक पुरतं. पाहुण्यांना गावी पाठवायचा असेल तर कच्चाच पाठवा.

संध्याकाळी नदीकाठी जा, पण पात्राबद्दल एक इशारा. गोदावरीवरचं मेडीगड्डा बॅरेज २०१९ साली सुरू झालं, २०२३च्या ऑक्टोबरात त्याचे काही खांब खचले. बॅरेजचं डावं टोक आपल्याच तालुक्यात आहे. इंद्रावती आणि गोदावरीचा सोमनूरचा संगम त्याच्या खालच्या अंगाला आहे. वरून पाणी सुटलं तर वाळूवर बसलेल्याला ते कळेपर्यंत उशीर होतो. आधी नावाड्याला किंवा मासेमारी करणाऱ्यांना विचारा, ते सांगतील तिथेच उतरा. सोमनूरला जाल तेव्हा झिंगे मिळाले तर घ्या, तिथेच भाजून खा.

जूनपासून दूरचा बेत आखूच नका. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दरवर्षीचं आहे. जुलै २०२२ मध्ये तर सिरोंचा तालुक्यातल्या अनेक गावांत पाणी शिरलं, शेती खरवडून गेली. त्या काळात पूर 'बघायला' पुलावर जोडीने उभं राहणाऱ्यांविषयी मला सहानुभूती नाही. पावसाळा पोळ्यासाठी, गणपतीसाठी, शेजाऱ्यांकडे जेवायला जाण्यासाठी राखा. गडचिरोली हा राज्यातला मोठा हिवतापाचा जिल्हा आहे, म्हणून मच्छरदाणी घरात आणि प्रवासाच्या पिशवीत दोन्हीकडे हवी. जंगलातून आल्यावर पंधरा-वीस दिवसांत ताप आला तर 'थकवा असेल' म्हणू नका, त्याच दिवशी आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या.

आता पुढच्या मोठ्या पाहुणचाराची सूचना. प्राणहितेचं पुष्कर, म्हणजे बारा दिवसांचं नदीस्नानाचं पर्व, एप्रिल २०२२ मध्ये झालं, ते बारा वर्षांनी पुन्हा येईल. गोदावरीचं मागचं पुष्कर जुलै २०१५ मध्ये होतं, म्हणजे पुढचं २०२७ साली, तेही पावसाळ्याच्या दिवसांत. त्या बारा दिवसांत नागपूर-पुण्यापासूनचे विसरलेले नातेवाईक तुमचा पत्ता आठवतील. गाद्या, पाण्याची टाकी, शौचालयाची दुरुस्ती आणि दोघांपैकी कुणी कोणत्या दिवशी रजा घ्यायची हे उन्हाळ्यातच ठरवून टाका, आणि येणाऱ्या प्रत्येकाला निघण्याआधी फोन करून रस्ता चालू आहे का ते विचारायला सांगा.